तापमानाच्या नोंदींतील खंडबिंदू : सॉफ्टवेअरचे किती ऐकावे?

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. भारतीय हवामानशास्त्र विभागाने तपासणी केली तेव्हा तेथील संवेदक प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश अधिक दाखवत असल्याचे निष्पन्न झाले. दुसऱ्याच दिवशी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांचा आकडा झळकला. त्याच परिसरातील इतर केंद्रे चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास होती. तेथेही दोष संवेदकाचाच निघाला.

या दोन्ही चुका पकडल्या गेल्या, कारण त्या मोठ्या होत्या. ५६ अंश हा आकडा पाहून कोणीही चमकेल. परंतु एखादे केंद्र आठ वर्षे सातत्याने अर्धा अंश अधिक दाखवत असेल, तर ते कोणाच्या ध्यानात येणार? त्याची बातमी होत नाही. कीड अंदाजाच्या प्रतिमानात मात्र हीच चूक शांतपणे शिरते आणि दरवर्षी आपला परिणाम करत राहते. प्रस्तुत लेखाचा विषय अशा लहान, दीर्घकाळ टिकणाऱ्या चुका हा आहे. त्या शोधून दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर आता सहज उपलब्ध आहे. त्याने सुचवलेली दुरुस्ती जशीच्या तशी स्वीकारावी की तपासून बदलावी, हा प्रश्न कृषी विद्यापीठांतील संशोधकांइतकाच स्वतःचे हवामान केंद्र बसवलेल्या शेतकऱ्यांसमोरही आहे.

अर्ध्या-एक अंशाने काय बिघडते?

कीटक हा शीतरक्ताचा जीव आहे. त्याच्या वाढीचा वेग भोवतालच्या तापमानावर ठरतो. म्हणून आपण दिवस मोजण्याऐवजी अंश-दिवस मोजतो, म्हणजे दिवसाच्या सरासरी तापमानातून किडीचे किमान उंबरठा तापमान वजा करून उरलेल्या अंशांची रोज बेरीज करत जातो. मक्यावरील नवीन लष्करी अळीचे उदाहरण घेऊ. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळलेली ही कीड त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. अंड्यापासून पतंगापर्यंतच्या वाढीसाठी तिचा उंबरठा सुमारे १२.६ अंश आणि लागणारी उष्णता सुमारे ३९२ अंश-दिवस असल्याचे दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगांतून दिसून आले आहे.

आता साधे गणित करू. खरीपात सरासरी तापमान २६ अंश असेल तर रोज १३.४ अंश-दिवस जमा होतात आणि पिढी सुमारे २९ दिवसांत पूर्ण होते. तापमापक एक अंश जास्त दाखवत असेल तर प्रतिमान २७ दिवस सांगेल. दोन दिवसांचा हा फरक सांभाळून घेता येतो. रब्बी मक्यात मात्र सरासरी २० अंश असताना रोज केवळ ७.४ अंश-दिवस जमतात आणि पिढीला ५३ दिवस लागतात. तेथे एक अंशाची चूक झाली तर उत्तर ४७ दिवसांच्या आत येते. सहा दिवस आधी दिलेला फवारणीचा सल्ला म्हणजे पैसा आणि कीटकनाशक दोन्ही वाया. थंडीत चूक अधिक महाग पडते, हे विस्तार कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावे. आपल्याकडे तापमानाची चर्चा उन्हाळ्यातच होते, आणि केंद्राची तपासणीही बहुधा तेव्हाच होते.

खंडबिंदू म्हणजे काय?

तापमानाच्या दीर्घ मालिकेत ज्या तारखेपासून नोंदींची पातळी एकाएकी वर किंवा खाली सरकते, पण त्याचे कारण हवामानात नसून केंद्रात असते, त्या तारखेला खंडबिंदू म्हणतात. संगणकावर काम करणारे त्याला ब्रेक पॉइंटच म्हणतात.

कारणे बहुतेक वेळा अगदी घरगुती असतात. तापमापकाची जाळीदार लाकडी पेटी, म्हणजे स्टीव्हनसन पेटी, नव्या इमारतीसाठी शंभर मीटर हलवली जाते. पेटीभोवतीचे गवत जाऊन फरशी येते. शेजारी गोदाम उभे राहते. पाऱ्याच्या तापमापकाऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक बसतो.

निरीक्षणाची वेळ बदलणे हे कारण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या कृषी हवामान वेधशाळांत परंपरेने स्थानिक सौर वेळेनुसार सकाळी ७ आणि दुपारी २ वाजता नोंदी घेतल्या जातात. स्थानिक ७ म्हणजे पुण्यात घड्याळाचे साधारण ७ वाजून ३५ मिनिटे, तर नागपुरात साधारण सव्वासात. हिवाळ्यात त्या वेळी किमान तापमान नुकतेच होऊन गेलेले असते आणि हवा अजून थंडच असते. किमान तापमापक त्या क्षणी पूर्ववत केला आणि पुढची रात्र उबदार गेली, तर दुसऱ्या दिवसाचे किमान म्हणून आदल्या सकाळचीच थंडी नोंदली जाते. एक थंड पहाट दोनदा मोजली जाते. स्वयंचलित केंद्र मध्यरात्री ते मध्यरात्र असा दिवस धरत असेल तर हे घडत नाही. त्यामुळे जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत जाताना किमान तापमान वाढल्याचा भास होतो. संवेदक निर्दोष, पेटी तीच, जागा तीच, तरीही मालिकेत पायरी पडते.

सॉफ्टवेअर हे बिंदू कसे शोधते?

या कामासाठी क्लायमेटॉल, आरएचटेस्ट्स, होमर, अॅकमंट अशी साधने वापरात आहेत. पहिली दोन आर या मोफत संगणक भाषेत चालतात. गाभ्यातील कल्पना सर्वांची जवळपास एकच आहे. आपल्या केंद्राच्या नोंदीतून शेजारील केंद्रांची सरासरी वजा करायची. उष्णतेची लाट आली तर ती सर्वांवर येते, म्हणून वजाबाकीत ती नाहीशी होते. उरते ती फक्त आपल्या केंद्राची स्वतःची हालचाल. या फरकाच्या मालिकेत पायरी कोठे पडली, हे सांख्यिकीय चाचणीने पाहिले जाते. त्यांपैकी सर्वाधिक परिचित चाचणी स्वीडनच्या अलेक्झांडरसन यांनी १९८६ मध्ये मांडली.

शेजारी निवडताना जपावे लागते. विदर्भाच्या सपाट मुलखात साठ किलोमीटरवरचे केंद्र चांगला शेजारी ठरू शकते. वाईसाठी महाबळेश्वर ठरत नाही, जरी नकाशावर ते हाकेच्या अंतरावर दिसत असले तरी. घाटमाथ्यावरचे ढग आणि पायथ्याचे ऊन यांचे वेळापत्रक वेगळे असते.

चाचणीनंतर सॉफ्टवेअर सापडलेल्या बिंदूंची एक साधी फाइल तयार करते. क्लायमेटॉलमध्ये तिच्या प्रत्येक ओळीत केंद्राचा संकेतांक, तारीख आणि चाचणीचे मूल्य असते. आरएचटेस्ट्समध्येही बिंदूंची अशीच मजकूर-फाइल निघते. या फाइलमध्ये आपण ओळ काढू शकतो, तारीख सरकवू शकतो किंवा नवी ओळ घालू शकतो. नंतर सॉफ्टवेअर पुन्हा चालवताना, शोध न घेता याच फाइलमधील बिंदू वापर, अशी सूचना द्यायची असते. क्लायमेटॉलमध्ये त्यासाठी ‘मेटाड’ हा पर्याय आहे.

येथे एक व्यावहारिक इशारा. ही फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली तर तारखांचे स्वरूप बदलण्याची दाट शक्यता असते. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने असलेली तारीख उलटी होते, कधी दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. सॉफ्टवेअर तक्रार करीलच असे नाही. ५ एप्रिलचा बिंदू मुकाट्याने ४ मे होतो. फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडावी आणि मूळ प्रत आधीच बाजूला ठेवावी.

कोणता बिंदू ठेवावा, कोणता काढावा?

हे समजण्यासाठी एक कल्पित केंद्र घेऊ. मराठवाड्यातील एका संशोधन प्रक्षेत्रावरील १९८५ ते २०२३ या काळातील मासिक किमान तापमान, चार शेजारी केंद्रे आणि चाचणीची मर्यादा २५. समजा, सॉफ्टवेअरने पाच बिंदू दिले : मार्च १९९१ (मूल्य ३१), नोव्हेंबर २००२ (६४), जून २००९ (२७), एप्रिल २०१५ (११८) आणि ऑक्टोबर २०२२ (२९).

केंद्राच्या नोंदवहीत लिहिले आहे की मे २०१५ मध्ये पाऱ्याचे तापमापक काढून स्वयंचलित संवेदक बसवला. एप्रिल आणि मे यांत एका महिन्याचे अंतर आहे. मासिक आकड्यांवर चालणाऱ्या चाचणीत एवढा घोळ अपेक्षितच असतो, म्हणून तारीख मे २०१५ करावी. नोव्हेंबर २००२ च्या बाबतीत नोंदवही सांगते की जानेवारी २००३ मध्ये पेटी विहिरीजवळून कार्यालयाच्या मागे हलवली. हाही तोच बिंदू, तारीख दोन महिने पुढे सरकवावी. समजा नोंदवहीतील घटना तीन वर्षे दूर असती, तर मात्र ओढूनताणून जोड लावू नये. पायरी जितकी लहान तितकी तिची तारीख अनिश्चित हे खरे, तरी तीन वर्षांचे अंतर म्हणजे बहुधा दुसरीच घटना.

जून २००९ ची गोष्ट निराळी आहे. मूल्य मर्यादेच्या जेमतेम वर, नोंदवही कोरी. त्या वर्षीचा पावसाळा देशभर अत्यंत तुटीचा होता आणि जूनमध्ये तर पावसाने फारच ओढ दिली होती. कोरडवाहू प्रक्षेत्र आणि ओलिताखालील शेजारी यांच्या तापमानातील फरक अशा वर्षी तात्पुरता वाढतो. फरकाचा आलेख काढून पाहिला आणि पुढील वर्षी तो पूर्वपदावर आलेला दिसला, तर ही पायरी नाही, केवळ उंचवटा आहे. ओळ काढून टाकावी.

मार्च १९९१ साठीही नोंद नाही. पण चारही शेजाऱ्यांशी स्वतंत्रपणे तुलना केली असता पायरी दिसते आणि कमाल तापमानातही त्याच सुमारास दिसते. असा बिंदू नोंद नसतानाही ठेवावा. नोंदवहीत न लिहिलेल्या घटना लिहिलेल्या घटनांपेक्षा कमी नसतात, हे आपण सर्वजण जाणतो. आरएचटेस्ट्समध्ये हा भेद नावानिशी केलेला आहे. केवळ आकडेवारीच्या बळावर उभे राहणारे बिंदू एका प्रकारचे, तर नोंदीचा आधार असेल तरच ग्राह्य धरायचे बिंदू दुसऱ्या प्रकारचे.

ऑक्टोबर २०२२ मालिकेच्या अगदी शेवटी आहे. त्यानंतर जेमतेम सव्वा वर्षाच्या नोंदी आहेत. टोकाशी चाचणी नेहमीच डळमळीत असते. तूर्त दुरुस्ती न करता संवेदकाची प्रत्यक्ष तपासणी मागवावी.

याच नोंदवहीत समजा १९९७ मध्ये पेटीला नवा पांढरा रंग दिल्याची नोंद आहे, पण आकड्यांत काहीच हललेले नाही. मग तेथे बिंदू घालण्याचे कारण नाही. कागदावर घटना आहे म्हणून आकड्यांत पायरी असलीच पाहिजे, हा हट्ट चुकीचा.

हात किती चालवावा यालाही मर्यादा आहे. युरोपात २००७ ते २०११ या काळात कॉस्ट होम नावाच्या उपक्रमात जाणीवपूर्वक दोष घातलेल्या कृत्रिम मालिका तयार करून अनेक पद्धतींची परीक्षा घेतली गेली. स्वयंचलित पद्धती हाताने केलेल्या दुरुस्तीच्या तोडीस तोड ठरू शकतात, आणि वापरणाऱ्याचे प्रशिक्षण फार महत्त्वाचे असते, असे त्यातून दिसले. आमचे मत असे की, ज्याच्या बदलासाठी एका वाक्याचे कारण लिहून देता येत नाही तो बिंदू बदलू नये.

सरळ न करण्याजोगे बदल

हवामानशास्त्रज्ञ आणि कीटकशास्त्रज्ञ यांची वाट येथे थोडी वेगळी होते. नोएडाचेच उदाहरण पाहा. १९७६ मध्ये स्थापन झालेले हे शहर यमुना आणि हिंडण या नद्यांमधील शेतजमिनीवर उभे राहिले. अशा ठिकाणी रात्रीचे तापमान वर्षानुवर्षे हळूहळू चढत जाते. सॉफ्टवेअरला चढण ओळखण्यापेक्षा पायऱ्या ओळखणे सोपे जाते, म्हणून ते एका संथ चढणीचे तीन-चार खंडबिंदूंत तुकडे करते. देशाच्या तापमानवाढीचा कल काढायचा असेल तर शहराचा हा प्रभाव वेगळा काढणे योग्य. पण त्या शहरातील रोपवाटिकेत वाढणाऱ्या पिठ्या ढेकणाला ती उष्णता खरोखरच मिळते आहे. त्याच्यासाठी ती चूक नव्हे.

महाराष्ट्रात याच्या उलट प्रकार दिसतो. उजनी किंवा जायकवाडीच्या कालव्याने ज्या भागात बारमाही ओलित आले, तेथे उसाच्या आणि केळीच्या हिरव्या पट्ट्यात दुपार पूर्वीपेक्षा थंड राहू शकते. शेजारची कोरडवाहू केंद्रे तशी नसतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला आपले केंद्रच दोषी वाटते. ही दुरुस्ती स्वीकारली तर आपण पिकाचे खरे हवामान पुसून टाकतो. कीड अंदाजासाठी काम करताना उपकरण, जागा आणि वेळ यांतील बदल दुरुस्त करावेत. भूभागातील बदल, तो पिकाच्याही अनुभवाचा असेल तर, तसाच ठेवावा.

शेवटचा तुकडा बरोबर आहे का?

बहुतेक सॉफ्टवेअर मालिकेचा शेवटचा तुकडा प्रमाण मानते आणि आधीचे तुकडे त्याच्या पातळीला आणते. यामागे सोय आहे. नव्याने येणाऱ्या नोंदी मग दुरुस्तीशिवाय जोडता येतात. परंतु शेवटचा संवेदकच सदोष असेल तर? मुंगेशपूरसारखा तीन अंशांचा दोष एखाद्या जुन्या केंद्राच्या अखेरच्या तुकड्यात असता, तर दुरुस्तीने साऱ्या भूतकाळाला तीन अंशांनी तापवले असते, आणि निकालाचा आलेख दिसायला अगदी सरळ आला असता. अशा वेळी खंडबिंदू संपादित करणे हा उपायच नव्हे. सदोष काळातील नोंदी वगळाव्यात किंवा प्रमाण तुकडा बदलून घ्यावा. आरएचटेस्ट्समध्ये असा पर्याय निवडता येतो.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. साऱ्या जिल्ह्याची केंद्रे एकाच वर्षी पाऱ्यावरून इलेक्ट्रॉनिक संवेदकांवर गेली, तर शेजाऱ्यांशी वजाबाकी करून काहीच सापडणार नाही, कारण सर्वांची पायरी एकच. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता करारानंतर हे ठिकठिकाणी घडत आहे. तेथे केंद्रांच्या जाळ्याबाहेरचा साक्षीदार हवा. नोएडाच्या सेक्टर ६२ मधील राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्राने ब्रिटिश हवामान खाते आणि भारतीय हवामानशास्त्र विभाग यांच्या सहकार्याने तयार केलेला ‘इमडा’ हा पुनर्विश्लेषण संच येथे उपयोगी पडतो. त्यात १९७९ पासूनचे हवामान सुमारे १२ किलोमीटरच्या चौकटींत मांडलेले आहे. आपल्या केंद्राचा त्या चौकटीशी असलेला फरक काढून पाहावा. अर्थात अशा संचात जाणारी निरीक्षणेही काळानुसार बदलत गेली आहेत, उपग्रह आले आणि गेले. म्हणून त्याला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. सर्वांत भरवशाचा मार्ग जुनाच आहे : बदलाच्या वेळी जुने आणि नवे उपकरण शेजारी शेजारी किमान एक वर्ष, शक्य असल्यास दोन वर्षे चालवावे.

कीटकशास्त्राकडे आणखी एक साक्षीदार असतो, तो म्हणजे कामगंध सापळा. पतंग तापमापकाला विचारून येत नाहीत. प्रतिमानाने सांगितलेला पतंगांचा उद्रेक आणि सापळ्यातील प्रत्यक्ष उद्रेक यांतील अंतर एखाद्या विशिष्ट वर्षापासून एकाच दिशेने वाढले असेल, तर किडीच्या सवयी बदलल्या असे म्हणण्यापूर्वी त्या वर्षी केंद्रात काय बदलले ते पाहावे.

एक गोष्ट येथे स्पष्ट केलेली बरी. हवामान आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातील संदर्भ केंद्राची त्या त्या दिवसाची नोंद ग्राह्य धरली जाते. मागाहून एकजिनसी केलेल्या मालिकेचा तेथे आधार घेता येत नाही. तेथे नोंद चुकीची वाटली तर केंद्राची तपासणी त्याच हंगामात मागावी लागते.

केंद्रावर काय लिहून ठेवावे?

वरील प्रत्येक निर्णय शेवटी केंद्राच्या नोंदवहीपाशी येऊन थांबतो. ती लिहिण्याचे काम सॉफ्टवेअर करू शकत नाही. कृषी सहाय्यक, कृषी विज्ञान केंद्रातील कर्मचारी किंवा स्वतःचे केंद्र असलेला शेतकरी हेच ते करू शकतात. संवेदक बदलला ती तारीख, जुन्या आणि नव्या संवेदकाचा क्रमांक, केंद्र हलवले असल्यास आधीची आणि नंतरची जागा, संवेदकाची जमिनीपासूनची उंची, दिवस किती वाजता सुरू धरला जातो, आणि कवच कधी साफ केले, एवढे तरी असावे. धुळीने व कोळिष्टकांनी भरलेल्या कवचात वारा खेळत नाही आणि निरभ्र, निवांत दुपारी कमाल तापमान फुगते. साफसफाईनंतर ते एकदम उतरते. तोही एक खंडबिंदूच.

दर सहा महिन्यांनी चारही दिशांना एकेक छायाचित्र काढावे. भ्रमणध्वनीतील छायाचित्राला तारीख आपोआप लागते. दहा वर्षांनी एखादा संशोधक मालिका घेऊन बसेल तेव्हा शेजारची विहीर कधी बांधली, आंब्याची रांग कधी उंचावली, पत्र्याची शेड कोणत्या वर्षी आली, हे त्याला त्या छायाचित्रांवरून कळेल. दुरुस्तीची फाइल बदलणाऱ्यानेही आपली नोंद ठेवावी : सॉफ्टवेअरची आवृत्ती, मूळ बिंदूंची यादी, बदललेली यादी आणि प्रत्येक बदलापुढे कारण. मूळ, अदुरुस्त नोंदी मात्र कधीही पुसू नयेत.